धुक्याला पंख्याचा वारा

जानेवारीतली दिल्ली. सकाळी सहाची पुण्याची फ्लाइट आणि दुपारी बाराला धाकट्या बहिणीचा साखरपुडा. काचेतून बाहेर बघते तर काय, रनवेच गायब! बोर्डवर एकच शब्द: डिलेड.

शेजारचे काका वैतागले, "अहो, एखादं हेलिकॉप्टर फिरवा की वरून! सीलिंग फॅनसारखं. उडून जाईल सगळं."

मी हसले. मग टाइमपास म्हणून मोबाइलवर शोधलं, तर काकांची आयडिया चक्क जुनी निघाली! १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाच्या शास्त्रज्ञांनी वेस्ट व्हर्जिनियात नेमकं हेच करून पाहिलं होतं.

लॉजिक सोपं आहे. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि वाफेचे बारीक थेंब बनतात. त्या दुलईच्या वर मात्र उबदार, कोरडी हवा असते. हेलिकॉप्टर वर तरंगत ही हवा खाली ढकलतं आणि थेंबांची पुन्हा वाफ होते. म्हणजे धुकं उडत नाही, सुकतं! पातळ धुक्यात असं मोकळं भोक पडलंही. पण हेलिकॉप्टर हटलं की काही मिनिटांत आजूबाजूचं धुकं परत आत. आणि थर जाड असेल तर वारा जमिनीपर्यंत पोचतच नाही. अख्ख्या रनवेचं काय घेऊन बसलात?

ढगांत भोकं तर साधी विमानंही पाडतात, पण ती वाऱ्याने नाही. पंखावरून जाताना हवा फैलावून एकदम गार होते, ढगातले थेंब गोठतात आणि बर्फ होऊन खाली पडतात.

म्हणूनच विमानतळांनी धुकं हटवण्याचा नाद सोडला आणि त्यातून उतरायचं तंत्र शिकून घेतलं. दिल्लीत कॅट-थ्री यंत्रणेमुळे जेमतेम ५० मीटर दिसत असलं तरी उतरता येतं. फक्त विमान आणि पायलट दोघंही त्यासाठी तयार हवेत. आपल्या पुण्याच्या आयआयटीएमने तर २०१५ पासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास सुरू केला. हेतू हा, की धुकं कधी येणार नि कधी जाणार ते आधी कळावं.

अकरा वाजता ऊन आलं आणि धुकं गेलं. हेलिकॉप्टरशिवाय, फुकटात! साखरपुडा मी गेटजवळ बसून व्हिडिओ कॉलवर पाहिला. अंगठी घालताना नेमकं नेटवर्क गेलं.

"ताई, लग्नाला तरी ये हं," बहीण अजून टोमणे मारते. लग्न डिसेंबरात आहे. मी चार दिवस आधीची फ्लाइट बुक केलीय. तीही भर दुपारची.