चेंडू अचूक लागला, तरी बाद का?

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि त्याच सुमारास ‘एमएलबी द शो’ या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती बाजारात येते. २००६ पासून हा शिरस्ता चालू आहे. विक्रीचा पहिला आठवडा सरतो न सरतो तोच गेम खेळणाऱ्यांत दोन तट पडतात, हाही आता शिरस्ताच झाला आहे. एका तटाला हा खेळांवरच्या गेममधला सर्वांत अस्सल गेम वाटतो. दुसऱ्याला तो अन्यायी आणि पैसे उकळणारा वाटतो. पुष्कळदा ही दोन्ही मते एकाच माणसाची असतात. त्यांना चाहत्यांची किरकिर म्हणून बाजूला सारता येईल. पण तक्रारी नीट ऐकल्या तर त्यांच्या मुळाशी तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात: बेसबॉलचे गणित, यंत्राची मर्यादा आणि बाजाराची रचना. त्या सुट्या केल्याशिवाय कोणती तक्रार रास्त, हे ठरवता येत नाही.

आधी मूळ खेळ समजून घेऊ. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होम प्लेटपासून सुमारे १८.४ मीटरवर उभा असतो. ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला जेमतेम ०.४ सेकंद घेतो. क्रिकेटची बॅट सपाट आणि १०.८ सेंटीमीटरपर्यंत रुंद असते. बेसबॉलची बॅट गोल असते आणि तिची जाडी फार तर ६.६ सेंटीमीटर. गोल बॅटने गोल चेंडू मारायचा असल्याने मिलिमीटरचा फरकही निर्णायक ठरतो. बॅट चेंडूच्या मध्याच्या जरा खाली लागली की चेंडू आभाळात, जरा वर लागली की जमिनीवर. २०२४ च्या हंगामात मेजर लीग बेसबॉलची एकूण फलंदाजी सरासरी .२४३ होती. म्हणजे जगातले निवडक फलंदाजही चारांतून तीनदा अपयशी ठरत होते.

हे अपयश गेममध्ये कसे उतरवायचे, हा निर्मात्यांपुढचा पहिला पेच. फलंदाजी करताना पडद्यावर एक लंबवर्तुळ दिसते. त्याचे नाव ‘प्लेट कव्हरेज इंडिकेटर’; खेळणारे त्याला नुसते पीसीआय म्हणतात. कंट्रोलरवरची छोटी दांडी अंगठ्याने हलवून हे लंबवर्तुळ चेंडूच्या वाटेवर न्यायचे आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचे. लंबवर्तुळ केवढे असेल हे मात्र अंगठा ठरवत नाही. पडद्यावरच्या फलंदाजाचा ‘कॉन्टॅक्ट’, म्हणजे बॅट आणि चेंडू भिडवण्याचा गुणांक, जितका जास्त तितके ते मोठे. काठिण्यपातळी वाढवली की ते आक्रसते आणि चेंडूही अधिक वेगाने येतो.

गोलंदाजीच्या बाजूलाही अशीच व्यवस्था आहे. २०२१ च्या आवृत्तीत ‘पिनपॉइंट’ ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या चेंडूसाठी दांडीने पडद्यावर ठरावीक आकृती गिरवावी लागते, तीही लयीत. आकृती हुबेहूब जमली तरी चेंडू नेमका हव्या त्या बिंदूवर पडेलच असे नाही. तो एका छोट्या क्षेत्रात कुठेही पडू शकतो आणि त्या क्षेत्राचा आकार पिचरच्या नियंत्रणाच्या गुणांकावर अवलंबून असतो. म्हणजे निकाल ठरवणारे दोघे आहेत: कंट्रोलर हातात धरलेला माणूस आणि पडद्यावरचा आकड्यांचा खेळाडू. या दोघांत श्रेय कसे वाटायचे, यावरच गेममधले सर्वांत जुने भांडण आहे.

हे भांडण सर्वाधिक पेटते ते ‘परफेक्ट-परफेक्ट’ फटक्यावर. २०२० च्या आवृत्तीपासून वेळ आणि जागा दोन्ही अचूक साधली की गेम तसे जाहीर करतो. आता असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. शेवटची इनिंग, दोन बाद, तिसऱ्या बेसवर धावपटू आणि संघ एका धावेने मागे. खेळणारा आत वळणारा चेंडू ओळखतो, लंबवर्तुळ त्यावर नेतो, बटण दाबतो. पडद्यावर शाबासकी उमटते, चेंडूचा वेग ताशी १०५ मैल दाखवला जातो. आणि तो चेंडू थेट डावीकडच्या क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात जाऊन विसावतो. सामना संपला. खेळणाऱ्याने करण्यासारखे सगळे केले होते आणि तरी तो हरला. कंट्रोलर आपटावासा वाटतो तो नेमका इथे.

वास्तवातला बेसबॉल मात्र असाच आहे. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर ‘स्टॅटकास्ट’ ही मोजणी यंत्रणा आहे. ती ताशी ९५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाने बॅटवरून सुटलेल्या चेंडूला जोरदार फटका मानते. अशा फटक्यांपैकी साधारण निम्म्यांवरच फलंदाज सुखरूप पहिला बेस गाठतो. बाकीचे कुणा ना कुणाच्या हातात जातात. त्याही आधी, २००१ मध्ये, व्होरोस मॅक्रॅकेन या अभ्यासकाने मांडले होते की चेंडू एकदा मैदानात खेळता झाला की त्याचे पुढे काय होईल यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. नशीब हा बेसबॉलच्या घडणीचाच भाग आहे. १६२ सामन्यांच्या हंगामात ते बरेचसे समान वाटले जाते. एका संध्याकाळच्या एका सामन्यात त्याची भरपाई होत नाही.

म्हणूनच खेळणाऱ्यांच्या मतांत दुफळी अटळ ठरते. ज्याला टीव्हीवर दिसणारा बेसबॉल हुबेहूब हवा, त्याला अचूक फटका झेलला जाणे योग्यच वाटते. तसे झाले नाही तर तो गेमला पोरखेळ म्हणेल. ज्याला ऑनलाइन स्पर्धेत आपले कौशल्य दाखवायचे आहे, त्याला प्रत्येक अचूक कृतीचा मोबदला हवा असतो. पहिल्याला अनुकृती हवी, दुसऱ्याला निकोप स्पर्धा. एकाच गणितातून दोघांचेही पूर्ण समाधान करणे अशक्य आहे. दर वर्षी ते गणित एका बाजूला थोडे कलते आणि दुसरी बाजू बिथरते.

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी यंत्राच्या आहेत. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात असे धरले तर चेंडूच्या ०.४ सेकंदांच्या प्रवासात जेमतेम २४ चित्रे येतात. त्यांतली निम्मी तर चेंडू कोणता हे ओळखण्यातच जातात. ऑनलाइन सामन्यात जाळ्याचा विलंब ५० मिलीसेकंद असेल, तर तीन चित्रे हातची गेली. टीव्ही संच स्वतःची भर घालतो ती वेगळीच. त्यामुळे घरी संगणकाविरुद्ध उत्तम खेळणारा माणूस ऑनलाइन गेला की ‘उशीर झाला’ हाच शेरा वाचत बसतो. इथे कुणाचा दुष्ट हेतू नाही. बेसबॉलमध्ये वेळेची चूक झाकायला जागाच नसल्याने जो विलंब इतर गेममध्ये खपून जातो तो इथे बोचतो.

तिसऱ्या प्रकारच्या तक्रारी समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. खऱ्या संघांची आणि खेळाडूंची नावे वापरायची तर मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना अशा दोघांचे परवाने लागतात. बॅरी बाँड्स या विक्रमवीराने संघटनेच्या सामायिक करारातून अंग काढून घेतले, तेव्हा ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’ मध्ये त्याच्या जागी जॉन डाउड नावाचा काल्पनिक खेळाडू उभा करावा लागला होता. त्याच २००५ साली टेक-टू या कंपनीने मेजर लीगशी करार केला. त्यानुसार बाहेरच्या प्रकाशकांपैकी फक्त तिलाच हे गेम काढता येणार होते. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांना तेवढी मुभा राहिली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची गाजलेली ‘एमव्हीपी’ मालिका त्यामुळे मेजर लीगपुरती थांबली.

टेक-टूची ‘२के’ मालिका २०१३ नंतर बंद पडली. तेव्हापासून मेजर लीगचा परवाना असलेला, वास्तवाच्या जवळ जाणारा मोठा कन्सोल गेम एकच उरला: सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओचा ‘द शो’. ‘सुपर मेगा बेसबॉल’सारखे चांगले गेम आहेत, पण त्यांचा बाज वेगळा आहे. ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’ च्या चाहत्यांनी पुढे कित्येक वर्षे स्वतः नवे संघ आणि गणवेश तयार करून तो गेम संगणकावर जिवंत ठेवला. आपल्याकडच्या वाचकांना यात ‘क्रिकेट ०७’ आठवेल. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनेच तो काढला होता, पण पुढे नेला नाही आणि पोरांनी ‘पॅच’ टाकून टाकून त्यात नव्या दमाचे खेळाडू खेळवले. पर्याय नसला की चाहते एक तर स्वतः कामाला लागतात, नाही तर आहे त्याच गेमवर रागावत राहतात.

या एकाधिकाराच्या जोडीला उत्पन्नाची नवी रीत आली. २०१२ पासून गेममध्ये ‘डायमंड डायनॅस्टी’ हा विभाग आहे. खेळाडूंचे पत्ते जमवून आपला संघ बांधायचा आणि इतरांशी खेळायचे, असे त्याचे स्वरूप. पत्ते ‘स्टब्ज’ या आभासी नाण्यांनी मिळतात. ही नाणी खेळून कमावता येतात आणि खऱ्या पैशांनी विकतही घेता येतात. खेळणाऱ्यांचा आपसांतला बाजारही आहे. त्यात पत्ता विकला की किमतीच्या दहा टक्के गेम कापून घेतो. इतर खेळांच्या अशाच विभागांशी तुलना करून अनेक जण या विभागाला उदार म्हणतात. पैसे न टाकता चांगला संघ उभा राहतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

तरी २०२३ मध्ये ठिणगी पडलीच. त्या वर्षी ‘सेट्स अँड सीझन्स’ ही योजना आली. वर्षाचे काही हंगाम पाडण्यात आले आणि हंगाम उलटला की मेहनतीने मिळवलेले बहुतेक पत्ते स्पर्धेतून बाद होऊ लागले. सतत नवे काही मिळवत राहावे, हा हेतू. खेळणाऱ्यांना मात्र कमाई हिरावल्यासारखे वाटले. नाराजी टिकून राहिली आणि २०२५ च्या आवृत्तीत योजना मागे घेण्यात आली.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. ‘फ्रँचायझी’ विभागात खेळणारा संघाचा व्यवस्थापक होऊन अनेक हंगाम कारभार पाहतो. मित्रांनी मिळून हा कारभार ऑनलाइन चालवण्याची सोय २०१८ च्या आवृत्तीत काढून टाकली गेली. ती परत आणा, ही मागणी तेव्हापासून होते आहे आणि तिच्या वाट्याला पत्त्यांच्या तक्रारीएवढी तत्परता आलेली नाही. एवढा फरक का? पत्ते जमवणारा वर्षभर खर्च करू शकतो. तो रुसला की उत्पन्नात दिसते. फ्रँचायझी खेळणाऱ्याने एकदा किंमत मोजली की त्याच्याकडून पुढे काही येत नाही आणि दुसऱ्या गेमकडे तो जाऊही शकत नाही. कुठल्या तक्रारीचे वजन किती, हे तिच्या खरेपणाइतकेच तिच्या बाजारमूल्यावर ठरत असावे, असा निष्कर्ष काढल्यावाचून राहवत नाही.

स्तुतीही तितकीच बोलकी आहे. २०२३ मध्येच गेममध्ये ‘नीग्रो लीग्ज’चा इतिहास सांगणारा विभाग आला. वर्णभेदामुळे मेजर लीगची दारे बंद असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी उभारलेल्या या लीग होत्या. कॅन्सस सिटीतल्या नीग्रो लीग्ज संग्रहालयाचे प्रमुख बॉब केंड्रिक सॅचेल पेज, बक ओ’नील यांच्या गोष्टी सांगतात आणि मग खेळणारा त्याच खेळाडूंच्या रूपाने मैदानात उतरतो. या विभागाचे दोन्ही तटांनी स्वागत केले. एरवी एकमेकांशी न पटणारे लोक इथे एकत्र आले, कारण इथे पत्त्यांची चढाओढ नव्हती आणि खेळाविषयीची कळकळ स्पष्ट दिसत होती.

आता न्यायनिवाडा करता येईल. अचूक फटका झेलला गेल्याची तक्रार प्रामाणिक आहे, पण ती मुळात बेसबॉलविरुद्धची आहे. तिच्यावर उपाय आहे तो पारदर्शकतेचा. खऱ्या सामन्यातल्या फटक्यावर हिट मिळण्याची शक्यता किती होती हे स्टॅटकास्ट आकड्यांत सांगते. गेमनेही प्रत्येक फटक्यामागचे गणित तसे उघड दाखवले, तर हरलेल्याला निदान आपण फसवलो गेलो नाही एवढे कळेल. विलंबाची तक्रार तंत्रज्ञानाची आहे आणि ती टप्प्याटप्प्याने कमी होईल. पर्यायच नसल्याची तक्रार मात्र पूर्णपणे रास्त आहे, आणि तिचे उत्तर सॅन डिएगोच्या स्टुडिओकडे नाही.

ते परवाना देणाऱ्यांकडे आहे. पंधरा वर्षे फक्त प्लेस्टेशनवर असलेला ‘द शो’ २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आणि २०२२ मध्ये निन्टेंडो स्विचवर आला. त्याची घोषणा डिसेंबर २०१९ मध्ये झाली, ती मेजर लीगने नवा करार केल्यावर. सोनीच्याच स्टुडिओने बनवलेला गेम एक्सबॉक्सच्या ‘गेम पास’ वर्गणीदारांना पहिल्याच दिवशी वेगळी किंमत न मोजता मिळाला आणि प्लेस्टेशनवाल्यांना पूर्ण दाम मोजावे लागले, इतकी ताकद त्या करारात होती. जी लीग एका करारात हे घडवून आणू शकते, ती दुसऱ्या स्टुडिओलाही संधी देऊ शकते. गेम खेळणाऱ्यांनी आपला आवाज निर्मात्यांइतकाच लीग आणि खेळाडूंच्या संघटनेपर्यंत पोहोचवायला हवा. बाजारात दुसरा गेम आला तरी अचूक फटके झेलले जातीलच. पण नाराज माणसाला दुसऱ्या दुकानात जाता येईल, आणि फ्रँचायझीवाल्यांच्या मागणीलाही तेव्हा बाजारात किंमत येईल.