तंबू कुठे ठोकायचा?



मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमानंतर आपल्या युवा गटातल्या दोघांनी मला गाठलं. "काका, तुम्ही आल्प्समध्ये तंबूत राहून आलात ना? आम्हीही चाललोय. कॅम्पसाइट कशी निवडायची ते सांगा." एकाने फोन पुढे केला. फोटोत हिरवं गवत, मागे बर्फाचं शिखर आणि पाण्याला अगदी खेटून एक नारंगी तंबू. "अशी जागा हवी आहे," तो म्हणाला.

मी फोटो पाहिला आणि क्षणभर गप्प झालो. गेल्या वर्षी मीही नेमकी अशीच जागा हट्टाने मागून घेतली होती. त्या रात्रीबद्दल घराबाहेर फारसं बोललो नव्हतो, कारण त्यात माझी चूक होती. पण आता तुमच्यातले बरेच जण नोकरी-शिक्षणासाठी तिकडे आहेत, सुट्टीत आई-बाबांनाही बोलावून घेतात. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयावर.

माझा मोठा भाऊ स्वित्झर्लंडमध्ये बर्नला असतो. गेल्या जुलैत आम्ही चौघं त्याच्याकडे गेलो: मी, बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि एकोणसत्तर वर्षांची आई. डोंगरात आठवडाभर राहायचं होतं. हॉटेलचे दर पाहून माझे डोळे पांढरे झाले. दादा म्हणाला, "माझा मोठा तंबू आहे, आईसाठी घडीची खाट आहे. जागा तेवढी तुम्ही निवडा. मी सोडून येतो आणि शनिवारी पुन्हा येतो."

मग घरात चर्चा. मुलीला नदी हवी होती. बायकोला स्वच्छ न्हाणीघर आणि जवळ दुकान. मला कमी भाडं. आईला विचारलं तर म्हणाली, "रात्री उठावं लागलं तर संडास जवळ असावा. बाकी कुठेही चालेल." सगळ्यांत मोलाची अट तिचीच होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

एका अरुंद खोऱ्यातल्या लहानशा कॅम्पवर पोहोचलो. कचेरीतल्या बाईंनी दोन जागा दाखवल्या. एक वर, पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर, संडास-न्हाणीच्या इमारतीला लागून. तिथून शिखर दिसत नव्हतं आणि भांडी घासण्याचा आवाज येत होता. दुसरी खाली, ओढ्याकाठच्या सपाट गवतावर. त्या म्हणाल्या, "आजी बरोबर आहेत, वरची बरी पडेल." मी खालचीच मागितली.

आईने ओढ्याकडे पाहिलं. पाणी घोट्याएवढं, काचेसारखं स्वच्छ. पण ती पाण्याकडे बघत नव्हती. गवतात मध्येच पडलेल्या दोन मोठ्या गोल धोंड्यांकडे बघत होती. म्हणाली, "अरे, हे धोंडे इथे कोणी आणून ठेवले? नदीनेच ना? ही तिचीच जागा दिसते."

"आई, ही विश्वामित्री नाही," मी जरा तोडूनच बोललो. "इथे सगळं नियमात असतं."

आई पुढे काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा तसाच शांत होता. दुपारनंतर पाणी थोडं चढलं आणि दुधाळ-राखाडी झालं. त्याचं कारण मला नंतर समजलं. हिमनदीतून येणारे ओढे पहाटे सगळ्यांत कमी असतात. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतं आणि संध्याकाळी पाणी वाढतं. म्हणजे सकाळी बघून 'एवढंसं तर पाणी' असं ठरवणं चुकीचंच. त्या संध्याकाळी खोऱ्याच्या वरच्या टोकाला विजा चमकत होत्या. आमच्या डोक्यावर चार थेंब पडले. आम्ही खिचडी खाऊन झोपलो.

रात्री पावणेदोनला कोणीतरी तंबूवर थापा मारल्या. बाहेर टॉर्चचे झोत, शिट्ट्या आणि एक नवाच आवाज, पाण्याखाली दगड घरंगळल्याचा. कॅम्पची माणसं ओरडत होती, "वर चला, सामान सोडा!" आईला उठवलं, चप्पल सापडेना. गवत ओलं, चढ निसरडा. माझ्या हातात पासपोर्टची पिशवी होती, आणि आईचा हात धरला होता माझ्या मुलीने. "आजी, माझ्या पावलावर पाऊल ठेव," असं म्हणत तिने तिला वर नेलं. ते अंतर शंभर पावलांचंसुद्धा नसेल. मला अजून ते मोजता येत नाही.

पहाटेपर्यंत आम्ही न्हाणीच्या इमारतीत इतर कुटुंबांबरोबर बसून होतो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. उजाडल्यावर खाली गेलो तर तंबूची एक बाजू आडवी झाली होती, आणि जिथे आम्ही स्वयंपाकाची चटई अंथरली होती तिथे गाळ, फांद्या आणि नवे गोल धोंडे होते. आईची खाट चिखलात रुतलेली.

आई एवढंच म्हणाली, "चहा मिळेल का रे कुठे?" ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आमचं निभावलं. पण सगळ्यांचं निभावत नाही. फ्रान्सच्या आल्प्समध्ये ल ग्राँ-बोर्नाँ नावाचं गाव आहे. १४ जुलै १९८७ रोजी तिथे वादळी पावसाने बोर्न नदीला अचानक पूर आला आणि काठच्या कॅम्पसाइटवरचे २३ जण गेले. स्पेनच्या पिरेनीज डोंगरात बिएस्कास इथे ७ ऑगस्ट १९९६ च्या पुरात कॅम्पसाइटवर ८७ जणांचा जीव गेला. बिएस्कासची कॅम्पसाइट डोंगरातून उतरणारा ओढा जिथे पंख्यासारखा पसरतो तिथे होती. अशी जमीन सपाट, हिरवी आणि तंबूला अगदी योग्य दिसते. पण ती सपाट झालेली असते ती ओढ्यानेच आणलेल्या गाळा-दगडांनी. म्हणजे आई म्हणाली तसं, तिचीच जागा.

आपल्याला बडोदेकरांना हे नव्याने सांगायला हवं का? २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली, रस्त्यांवर मगरी आल्या. नदी आपली जागा विसरत नाही, हे आई आयुष्यभर बघत आली. मी मात्र ते शहाणपण विमानतळावरच ठेवून गेलो होतो.

शनिवारी दादा आला. मी म्हटलं, "पुढची जागा आई निवडेल." आम्ही लाउटरब्रुनेनला गेलो. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि मधे हिरवी पट्टी, असं हे प्रसिद्ध खोरं. उंची साधारण ८०० मीटर. गावालगतच श्टाउबबाख हा जवळजवळ ३०० मीटरचा धबधबा कोसळतो. १७७९ मध्ये गटे इथे येऊन गेला आणि त्याने त्यावर कविता लिहिली. मुलगी वर बघतच राहिली. आई मात्र खाली बघत होती.

तिने काय काय पाहिलं, ते मी नंतर लिहून काढलं. जमिनीवर सुटे दगड आहेत का, आणि वरच्या कड्यावरून ते इथवर येऊ शकतात का? पाणी चढलं तर किती चढेल, झाडांच्या बुंध्यांना अडकलेला कचरा किती उंचीवर आहे? आणि रात्री अंधारात, पावसात, माझ्या वयाच्या बाईला पक्क्या इमारतीपर्यंत कसं जाता येईल? तिने ती वाट एकदा चालून पाहिली. मग म्हणाली, "इथे ठोक." ओढ्यापासून दूर, कड्याच्या पायथ्यापासूनही दूर, इमारतीपासून चाळीस पावलं. शिखर तिथूनही दिसत होतं!

आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी.

स्वित्झर्लंडमधले कॅन्टन, म्हणजे तिथली राज्यं, नैसर्गिक धोक्यांचे नकाशे इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवतात. लाल म्हणजे मोठा धोका, निळा मध्यम, पिवळा कमी. कॅम्पचं गाव त्यावर शोधा. फोटो आणि ताऱ्यांचे शेरे बघायला तासभर घालवतो, त्यातली पाच मिनिटं याला द्या. धरणाखालच्या ओढ्यांवर 'पाणी अचानक वाढू शकतं' अशा पाट्या असतात. त्या दिसल्या तर पात्रात खेळायला उतरू नका.

उंची बघा. दर १००० मीटरला तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी उतरतं. म्हणजे ८०० मीटरवर रात्री १२ अंश असतील तर १८०० मीटरवर ५-६. चाळिशीच्या उन्हाळ्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी झोपण्याची पिशवी घेताना तिच्यावरचा 'कम्फर्ट' हा आकडा बघावा, 'लिमिट' नव्हे. आणि खालची चटई जाड घ्या, थंडी जमिनीतून येते. खोऱ्याच्या अगदी तळाशी रात्री थंड हवा साचते, म्हणून थोडी उंचावरची जागा अधिक उबदार आणि कमी दवाची असते. सकाळचं ऊन कुठून येतं तेही विचारा. उंच कड्यांमध्ये सूर्य उशिरा दिसतो, आणि ओला तंबू वाळायला ऊनच लागतं.

वीज घेणार असाल तर किती अँपिअर मिळते ते विचारा. ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १४०० वॅट. आमची २००० वॅटची किटली लावली आणि शेजारच्या जर्मन आजोबांच्या दिव्यासकट सगळं गुडूप. गॅसची डबी विमानातून नेता येत नाही, तिकडेच घ्या. पण डब्यांमध्ये स्क्रूचा आणि क्लिकचा असे वेगळे प्रकार असतात, आपल्या शेगडीला कुठली बसते ते आधी बघा. २००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्या. फक्त बहुतेक कॅम्पवर रात्री दहा ते सकाळपर्यंत शांतता पाळतात, तेव्हा शिट्ट्या त्याआधी. थेपले आणि मेतकूट सोबत असेल तर कुकरचीही घाई नसते.

'कुठेही तंबू ठोकू, फुकटात' हा विचार करू नका. आल्प्समध्ये देशागणिक, कधी गावागणिक नियम वेगळे आहेत. स्विस राष्ट्रीय उद्यानात आणि वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या भागांत तंबूला बंदी आहे.

विजा सुरू झाल्या तर तंबू सुरक्षित नाही. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, एकट्या झाडाखाली नको. मदतीसाठी युरोपभर ११२ लावा. फोन लागत नसेल तर आल्प्समधला ठरलेला संकेत आहे: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर आलं तर मिनिटाला तीन वेळा येतं. मुलांनाही हे शिकवून ठेवा.

आणि झोपण्याआधी एकदा, फक्त एकदा, तंबूपासून इमारतीपर्यंत अंधारात चालून बघा. बरोबर घरातलं सगळ्यांत थकलेलं किंवा सगळ्यांत लहान माणूस घ्या. त्याला जी वाट जमेल, ती जागा चांगली.

त्या दोघांना मी हे सगळं सांगितलं. फोटोवाला मुलगा जाताना म्हणाला, "काका, माझे आई-बाबा पण येणार आहेत. बाबांचे गुडघे दुखतात." मी म्हटलं, "मग जागा बाबांनाच निवडू दे."

परवा मुलीने विचारलं, पुन्हा कधी जायचं? मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "जाऊ या की. पण माझी खाट नवी घ्यावी लागेल."

खाट मी आणून ठेवली आहे.

भेटू पुढच्या अंकात.