तुमच्या कॉलेजचा पट दिल्लीला कसा पोहोचतो, आणि वाटेत कोण गळतं?

‘देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४.३३ कोटी.’ ही ओळ तुम्ही कधी ना कधी स्क्रोल करताना पाहिली असेल. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१-२२ या वर्षाचा अहवाल जाहीर केला, आणि तेव्हापासून हा आकडा भाषणांत, अग्रलेखांत आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये फिरतोय. तुम्ही त्या वर्षी कॉलेजात असाल तर त्या ४.३३ कोटींमध्ये तुम्हीही एक आहात. बहुतेक.

‘बहुतेक’ अशासाठी, की तुम्हाला मोजलं कुणी हे आठवून बघा. घरी कुणी आलं नव्हतं. फोनवर ओटीपी आला नव्हता. कुठे सही केल्याचंही आठवणार नाही. मग मोजणी झाली कधी?

मला याचं उत्तर अपघाताने मिळालं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. बोनाफाइड घ्यायला ऑफिसात गेलो, तर क्लार्ककाकांनी हाक मारली, “अरे, तू कॉम्प्युटरचा ना? जरा इकडे ये.” त्यांच्या स्क्रीनवर एक लांबलचक पीडीएफ फॉर्म उघडलेला होता आणि तो सेव्ह होत नव्हता. मी रीडर अपडेट करून दिला. मग काका म्हणाले, “आता आलाच आहेस तर बस, मी सांगतो, तू टाइप कर.” एकेका ब्रँचचं रजिस्टर उघडून ते आकडे सांगायला लागले. एका वर्गाशी येऊन अडले. “रेग्युलर अठ्ठावन्न. आणि हे सहा वायडीवाले. यांना धरायचं की सोडायचं?” मी विचारलं, “फी भरलीय का त्यांनी?” “चौघांनी भरलीय. दोघांचा पत्ता नाही.” दोन मिनिटं शांतता. मग काका म्हणाले, “नाव तर आहे ना पटावर? टाक चौसष्ट.”

टाकले चौसष्ट. त्या फॉर्मचं नाव डीसीएफ, म्हणजे डेटा कॅप्चर फॉरमॅट. आणि देशातल्या विद्यार्थ्यांची संख्या याच फॉर्मांतून तयार होते हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आकड्याचा प्रवास

या सर्वेक्षणाचं नाव ऑल इंडिया सर्व्हे ऑन हायर एज्युकेशन. २०१०-११ पासून ते दरवर्षी होतं आणि ऑफिसांमध्ये सगळे त्याला ‘आयशे’ म्हणतात. विद्यापीठांसाठी एक फॉर्म, संलग्न कॉलेजांसाठी दुसरा, आणि पॉलिटेक्निक किंवा नर्सिंगसारख्या स्वतंत्र संस्थांसाठी तिसरा. प्रत्येक संस्थेला स्वतःचा आयशे कोड असतो. विद्यापीठाचा ‘यू’ने सुरू होतो, कॉलेजचा ‘सी’ने. कॉलेजचा नोडल ऑफिसर फॉर्म भरतो, वर विद्यापीठाचा नोडल ऑफिसर असतो, त्याच्यावर राज्याचा, आणि शेवटी मंत्रालय.

फॉर्ममध्ये काय विचारतात? प्रत्येक कोर्सच्या प्रत्येक वर्षाला किती विद्यार्थी, त्यात मुली किती, एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस किती, दिव्यांग किती, अल्पसंख्याक किती. शिवाय निकाल, शिक्षक, इमारती वगैरे. सगळं एका ठरावीक तारखेला असलेल्या स्थितीप्रमाणे. ही तारीख अनेक वर्षं ३० सप्टेंबर होती. २०२०-२१ पासून पीडीएफ गेली आणि एनआयसीने बनवलेला वेब फॉर्म आला. आता लॉगिन करून थेट ऑनलाइन भरायचं. क्लार्ककाकांचे निदान रीडर अपडेट करायचे कष्ट वाचले.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. फॉर्म ऑनलाइन झाला तरी त्यातला आकडा येतो कॉलेजच्या रजिस्टरमधूनच. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन वेगळे शब्द वापरतो, व्हॅलिडेशन आणि व्हेरिफिकेशन. मुलींची संख्या एकूण संख्येपेक्षा जास्त टाकली तर लाल अक्षरांत एरर दाखवणं, हे व्हॅलिडेशन. कुठलाही बरा फॉर्म ते करू शकतो. पण चौसष्टमधले दोघे खरंच वर्गात येतात की गावी निघून गेलेत, हे तपासणं म्हणजे व्हेरिफिकेशन. ते फॉर्मच्या हातात नाही. ‘६४’ हा आकडा दिसायला अगदी स्वच्छ आहे. त्याच्या पोटात काय आहे ते काकांना माहीत, आणि मला.

साठातून बारा गेले, तरी साठच

इथे मुद्द्याचं येतं. या सर्वेक्षणात माणसं भरली जात नाहीत, बेरजा भरल्या जातात. एक्सेल वापरलं असेल तर फरक लगेच कळेल. शीटच्या प्रत्येक ओळीत एक विद्यार्थी, ही एक पद्धत. शीटच्या तळाशी असलेला फक्त टोटलचा सेल कॉपी करून पाठवायचा, ही दुसरी. आयशेची रचना दुसऱ्या पद्धतीवर उभी राहिली.

यात बिघडतं काय? आपल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजचं उदाहरण घ्या. समजा पहिल्या वर्षाला साठ मुलं. वर्षभरात बारा गळाली. कुणाला एम-थ्री नाही, एम-वनच सुटलं नाही, कुणाच्या घरी पैशांची अडचण, एखादीचं लग्न ठरलं. दुसऱ्या वर्षाला राहिली अठ्ठेचाळीस. पण रिकाम्या जागांवर डिप्लोमावाली बारा मुलं डायरेक्ट सेकंड इयरला आली. टोटल पुन्हा साठ. दिल्लीत बसलेल्या माणसाला दिसतं काय? गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला साठ, यंदा दुसऱ्या वर्षाला साठ. गळती शून्य. वा!

ती बारा मुलं कुठल्याही रकान्यात नाहीत. ती खोटी माहिती भरल्यामुळे गायब झालेली नाहीत. कॉलेजने प्रामाणिकपणे खरा आकडाच भरलाय. बेरजेचा स्वभावच असा आहे की अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. आणि गळालेली मुलगी दुसऱ्या शहरात बी.कॉम.ला गेली की कायमची घरी बसली, हे तर त्या टोटलमधून कधीच काढता येणार नाही. कॉलेज सोडणाऱ्यांत कोण जास्त आहे, कुठल्या वर्षाला जास्त आहे, हे कळलं नाही तर शिष्यवृत्ती आणि हॉस्टेल कुणासाठी वाढवायचं हे ठरवणार कशावरून?

महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगली गोष्ट. काही वर्षांनी ‘मुलींची संख्या वाढली’ असं या अहवालात कदाचित दिसेलही. पण प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणी शेवटच्या वर्षापर्यंत टिकल्या, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला टोटल पुरत नाही.

उलटी गंमतही होते. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ शकतो. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. सकाळी कॉलेजात बी.एस्सी. आणि घरी बसून मुक्त विद्यापीठातून बी.ए. असं कुणी करत असेल तर त्याचं नाव दोन पटांवर. दोन्ही संस्थांनी बरोबरच भरलं, बेरीज दोन झाली. दूरशिक्षण हा काही बारीक कोपरा नाही. २०२०-२१ च्या ४.१४ कोटींत ४५.७१ लाख दूरशिक्षणाचे होते, म्हणजे दर नऊ जणांमागे एक.

छेद बदलला की बातमी बदलते

आता जीईआर बघू. मराठीत सकल नोंदणी प्रमाण. २०२१-२२ साठी तो २८.४ आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ५० चं लक्ष्य ठेवलंय. सूत्र सोपं आहे. वर एकूण विद्यार्थी, मग ते कुठल्याही वयाचे असोत. खाली १८ ते २३ वयाची लोकसंख्या. गुणिले शंभर. म्हणजे चाळीशीत मुक्त विद्यापीठातून पदवी करणाऱ्या काकू वर आहेत, खाली नाहीत. म्हणून त्याला ‘सकल’ म्हणायचं.

वरचा आकडा निदान कॉलेजांतून येतो. खालचा अंदाज असतो, कारण २०११ नंतरच्या वर्षांसाठी आपण जुन्या जनगणनेवरून पुढची लोकसंख्या काढतोय. आता हे बघा. २०१९-२० च्या अहवालात जीईआर छापला होता २७.१. त्याच २०१९-२० साठी पुढच्या अहवालात आकडा आला २५.६. विद्यार्थी तेवढेच, ३.८५ कोटी. बदललं काय, तर छेद. आधीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेवरून काढलेली होती, नंतरची २०११ च्या. कॅल्क्युलेटर काढा आणि स्वतःच करून बघा: ३.८५ भागिले ०.२७१ म्हणजे साधारण १४.२ कोटी, आणि भागिले ०.२५६ म्हणजे साधारण १५ कोटी. ऐंशी लाखांच्या आसपास तरुण कागदावर वाढले.

यात लबाडी नाही, नवीन छेद जास्त बरोबरच आहे. पण दोन जुन्या पीडीएफ शेजारी ठेवून कुणी २७.१ आणि पुढच्या वर्षीचा २७.३ अशी तुलना केली, तर वाटेल प्रगती जागच्या जागी थांबलीय. एकाच छेदावर तुलना केली तर २५.६ वरून २७.३. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये हे दोन्ही प्रकार मी पाहिलेत, तळटीप कुठेच नाही.

आणखी एक. सर्वेक्षणाला सगळी कॉलेजं उत्तर देतात असंही नाही. २०१९-२० मध्ये यादीत ४२,३४३ कॉलेजं होती, माहिती दिली ३९,९५५ नी. अहवाल एकूण संख्येला अंदाजच म्हणतो. बातमीत पोहोचेपर्यंत तो शब्द गळून पडतो.

मग ओळी का नाही भरत?

शाळांच्या बाबतीत हे झालंय. यूडायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून शाळेची टोटल न भरता प्रत्येक मुलाची वेगळी नोंद करायला लागले. २०२१-२२ ला २६.५२ कोटी मुलं होती, पुढच्या वर्षी २५.१७ कोटी, त्याच्या पुढे २४.८० कोटी. मोजायची पद्धत बदलल्यामुळे हे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, जन्मदर कमी होतोय हेही खरं. तरी एका वर्षात सव्वा कोटीहून जास्त घट झाली, त्यात दुबार नावांचा वाटा असणारच. महाराष्ट्राला याचं नवल वाटू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभरात एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा पटावरची लाखो मुलं वर्गात सापडली नव्हती.

कॉलेजांसाठी तुकडे तयार आहेत. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली, मग अपार आयडी आला, बारा अंकांचा. प्रत्येकाला एक कायमचा नंबर असेल तर तो बारा जणांचा प्रश्न सुटतो. कुठल्या नंबरची नोंद पुढच्या वर्षी कुठेच आली नाही, एवढं शोधणारी क्वेरी लिहायला मला पाच मिनिटं लागतील.

पण मी डेटावाला असूनही इथे थोडा घाबरतो. टोटलचा एक मोठा गुण आहे: ती लीक झाली तरी कुणाचं नाव बाहेर पडत नाही. ओळ लीक झाली तर नाव, जात, धर्म, दिव्यांगत्व, निकाल सगळं एकत्र बाहेर. आणि लीक न होताही त्रास होतो. शाळेत ‘प्रविण’ आणि आधारवर ‘प्रवीण’, एवढ्यावर नोंद अडकते. शिक्षकांच्या संचमान्यतेसाठी आधार जुळलेलीच मुलं धरायची ठरलं तेव्हा आपल्या शाळांनी जी ओरड केली ती यासाठीच. पोरगं समोर बाकावर बसलंय आणि सिस्टिम म्हणते, नाहीच. म्हणजे पूर्वी नसलेली मुलं मोजली जायची, आता असलेली मुलं सुटतात. माझ्या मते मोजणीसाठी नाव आणि आधार लागतच नाही. कायम राहणारा पण माणसापर्यंत न पोहोचवणारा एक कोड दिल्लीला पुरेसा आहे, बाकी तपशील कॉलेजातच राहू दे. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही.

तोपर्यंत तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. डिजिलॉकर उघडून एबीसी आयडीवरचं तुमचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा, कारण चूक असेल तर ती तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सापडण्यापेक्षा आज सापडलेली बरी. आणि कॉलेज सोडणार असाल, बदलणार असाल, तर नुसतं यायचं बंद करू नका. ऑफिसात जाऊन प्रवेश रद्द केल्याचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. नाहीतर तुम्ही कुठेतरी नोकरी करत असाल, आणि कुणीतरी काका रजिस्टर उघडून म्हणत असतील, “नाव तर आहे ना पटावर?”