निगम बुडाले की बुडविले?

बेटम्याहून इंदूरला किंवा धारला जायला खासगी गाड्या मिळतात, मग सरकारी बस गेली म्हणून हळहळायचे कशाला, असे आपली तरुण मंडळी विचारतात. बँकेत आकडेमोड करणारा माणूस या नात्याने त्याचा हिशेब मांडतो.

१९५० च्या केंद्रीय कायद्याखाली १९६२ मध्ये मध्यप्रदेश राज्य सडक परिवहन निगम उभे राहिले. त्या कायद्याने निगमवर दोन ओझी टाकली. धंदा व्यापारी तत्त्वावर करायचा, आणि सेवा मात्र पुरेशी व स्वस्त द्यायची. आडगावची रिकामी फेरी तोट्याचीच असते. तो तोटा भरल्या मार्गांच्या नफ्यातून भागत असे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने सैल झाले आणि भरल्या मार्गांवर खासगी गाड्या आल्या. निगमकडे जुन्या गाड्या, पगार आणि आडगावच्या फेऱ्या उरल्या. नफ्याची बाजू काढून घेतल्यावर ताळेबंद कसा जुळणार?

गैरकारभार नव्हता असे नाही. पण रोग्याला औषध न देता २००५ मध्ये, बाबूलाल गौर मुख्यमंत्री असताना, सरकारने निगम बंद करण्याचा निर्णय घेतला. कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली आणि २०१० पर्यंत चाके थांबली. १९९३ ते २००३ काँग्रेसचे राज्य होते, नंतर भाजपचे आले. तेव्हा या पापाचा वाटा दोघांच्याही खात्यावर लिहावा लागेल.

शेजारी महाराष्ट्रात एस.टी. १९४८ पासून धावते आहे. तोटा तिलाही आहे आणि २०२१-२२ चा लांबलेला संपही तिने सोसला. तरी २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला. ही सवलत राज्य सरकारने आपल्या खर्चात धरली. फरक आहे तो इथे.

१ एप्रिल २०२५ रोजी आपल्या मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. भागभांडवल १०१ कोटी २० लाख. गाड्या खासगी मालकांच्या, देखरेख सरकारी कंपनीची. योजनेचे स्वागत करू, पण करारातील अटी वाचल्याशिवाय टाळ्या नकोत. रात्रीची शेवटची फेरी प्रवासी कमी म्हणून रद्द करता येईल का? वृद्ध आणि विद्यार्थ्यांची सवलत कोण भरणार? फेरी चुकविली तर दंड किती?

आपल्यापैकी अनेकांची मुले इंदूरला शिकतात, वडीलधारी मंडळी तिथल्या दवाखान्यात जातात. सर्वांच्या दारात मोटार नाही. म्हणून मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी आश्वासनावर बँक कर्ज देत नाही, आपण तरी मत का द्यावे?