स्मार्ट बोर्ड आला, जीवशास्त्र कुठंय?

गेल्या महिन्यात एका उर्दू शाळेत 'डिजिटल क्लासरूम'च्या उद्घाटनाला गेलो होतो. तिलावत झाली, गुलपोशी झाली, देणगीदारांचे आभार झाले. मग पडद्यावर हृदयाचा व्हिडिओ लागला, निवेदन इंग्रजीत. मुलं घरी टीव्ही बघतात तशी गप्प बघत बसली. शेजारच्या प्रयोगशाळेत कपाटाला कुलूप होतं. आत दोन मायक्रोस्कोप आहेत, पण लेन्स हरवेल म्हणून बाहेर काढत नाही, असं विज्ञानाच्या आपांनी सांगितलं.

तिथे मी चार गोड शब्द बोलून आलो. जे बोललो नाही ते इथे लिहितोय.

भिंतीवर मोठा टीव्ही टांगणं म्हणजे डिजिटल शिक्षण नव्हे. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांना प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं. बेडूक वाचले, चांगलंच झालं. पण त्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी काय आलं? तर एक व्हिडिओ. हाताने करायचं होतं ते नुसतं बघायचं झालं.

आज जीवशास्त्राचं बरंचसं संशोधन संगणकावर चालतं. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूचा जनुकीय क्रम इंटरनेटवर खुला झाला आणि विषाणू हातात येण्याआधीच लशीचं काम सुरू झालं. प्रथिनांचा आकार संगणकाने ओळखण्यासाठी हसाबिस आणि जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. असे सुमारे २० कोटी आकार कुणालाही फुकट बघता येतात. जेनबँक फुकट, ब्लास्ट फुकट. साध्या मोबाइलवर उघडतं. त्याला ना देणगीदार लागतो, ना फीत कापायला पाहुणा.

एक साधा प्रयोग सांगतो. माणसाच्या हिमोग्लोबिनची बीटा साखळी घ्या, १४६ अमिनो आम्लांची. ब्लास्टमध्ये चिंपांझीच्या साखळीशी ताडून बघा. एकाही जागी फरक नाही. गोरिलाशी ताडा, एका जागी फरक. मग सिकलसेलच्या रुग्णाची साखळी बघा. नंदुरबार-गडचिरोलीत घरोघरी माहीत असलेला हा आजार, आणि मूळ एवढंच, की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. (डेटाबेसमध्ये ती जागा सातवी दिसते, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. पहिल्यांदा माझी यात चांगलीच फजिती झाली होती.) दहावीची मुलगी हे अर्ध्या तासात करू शकते.

आणि नेमकं तेच नको आहे. कारण ती मुलगी पुढचा प्रश्न विचारणार: चिंपांझीशी इतकं साम्य का? महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आहे. आपल्याकडचे कित्येक सर तो 'पेपरपुरतं लिहा, मानू नका' म्हणून उरकतात. तिकडे एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढूनच टाकली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन बाजूंचं डार्विनच्या बाबतीत किती छान जमतं!

वर अभिमान आहेच. इब्न अल-नफीसने तेराव्या शतकात फुफ्फुसातून होणारं रक्ताभिसरण सांगितलं, हे फॉरवर्ड मला महिन्यातून दोनदा येतं. खरं आहे ते. पण गॅलन आणि इब्न सिना या दोघांचंही म्हणणं चूक आहे असं त्याने लिहिलं, म्हणून ते घडलं. आपला विद्यार्थी पुस्तकातली चूक दाखवायला उभा राहिला तर आपण त्याला काय म्हणतो? 'बैठ जा.'

मोबाइलचंही तेच. भाऊ रात्री दोनपर्यंत रील्स बघतो, त्याला कुणी काही विचारत नाही. बारावी सायन्सच्या बहिणीच्या हातात फोन दिसला की घरात पंचायत बसते. तिची प्रयोगशाळा त्या फोनमध्ये आहे, हे अब्बांना कोण सांगणार? जुम्म्याच्या बयानात कुणी सांगितलं तर मी पहिल्या सफमध्ये बसेन.

देणगीदारांना माझी विनंती आहे: पुढचा पडदा घेऊ नका. त्या पैशात जुने पण चालू चार लॅपटॉप घ्या, इंटरनेटचं वर्षाचं बिल भरा आणि आपांना आठवडाभर प्रशिक्षणाला पाठवा. पाटीवर नाव येणार नाही, तेवढं सोसा.

त्या शाळेला मी कळवलंय: दर शनिवारी दोन तास येतो, मानधन नको. फक्त कपाटाची किल्ली आणि वायफायचा पासवर्ड द्या. तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही.