डुकरांच्या पिल्लांचे जुलाब आणि युरोपातली झिंकबंदी: नेमकं काय घडलं?

डुकराच्या पिल्लाचं दूध तुटलं की ई. कोलाय जिवाणूंमुळे जुलाब लागतात. अंगातलं पाणी कमी होऊन पिल्लू दगावतं. वाचलं तरी वाढ खुंटते. यावर स्वस्त तोडगा होता, पहिले 14 दिवस खाद्यात भरपूर झिंक ऑक्साइड. पण हे झिंक विष्ठेवाटे शेतजमिनीत साचतं. शिवाय प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू फोफावण्याची भीती. म्हणून जून 2022 पासून युरोपीय संघात त्याच्या औषधी वापरावर बंदी आली.

पुढे डेन्मार्कमध्ये पिल्लांसाठी निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर वाढला! म्हणजे टाळायचं होतं तेच. दूध उशिरा तोडलं तर पिल्लाचं आतडं पक्कं होतं. पण पिल्लं अंगावर पीत असेपर्यंत मादी सहसा पुन्हा गाभण राहत नाही, आणि खरी अडचण या हिशेबाची आहे.