दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, ही २००३ पासूनची रीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. नागपुरात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या बाहेर जाऊ शकत नाही. आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११. गेल्या २०२५ सालाचं कॅलेंडर काढून पाहा. फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर या तीन महिन्यांत दुसरा मंगळवार बरोबर ११ तारखेलाच पडला होता. जूनमध्ये तो १० ला आला, म्हणजे बुधवारी सकाळी दुकान उघडलं ते थेट शेवटच्या तारखेला, आणि समोर पडदा काय म्हणतो, तर अपडेटचं काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

मग आपले फोन वाजू लागतात. ‘भाऊ, गोल गोल फिरून राहिला अर्ध्या तासापासून, काही करा.’ इतवारीतला ठोक व्यापारी असो, धंतोलीतली पॅथॉलॉजी असो की सीताबर्डीतल्या सीएच्या ऑफिसातला आर्टिकल, वाक्य तेच. आपणही तेच सांगतो: हात लावू नका, मी येतो. हे वर्षानुवर्षं चाललंय. पण ११ तारीख आणि दुसरा मंगळवार यांची टक्कर आधी ओळखून आपल्यापैकी किती जणांनी पार्टीच्या मशीनवर सोमवारीच अपडेट थांबवून ठेवलं? रेडमंडमध्ये बसलेल्यांना आपली ११ तारीख माहीत नाही, ती माहीत असण्याची अपेक्षाही नाही. आपल्याला तर ती माहीत आहे.

कंपनीच्या चुकांचा हिशेब मात्र स्वच्छ मांडायला हवा, कारण ग्राहक शिव्या आपल्याला घालतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायलीच उडाल्या. चार दिवसांत ते मागे घ्यावं लागलं, पुन्हा यायला नोव्हेंबर उजाडला. फायली उडाल्याची तक्रार आधी तपासणाऱ्या हौशी मंडळींनी कंपनीकडे नोंदवली होती. गर्दीत ती कोणी पाहिली नाही. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे मार्चएन्डिंगच्या ऐन धामधुमीत, आलेल्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की निळी स्क्रीन येऊ लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेअर केलेले प्रिंटर बंद पडले. शेवटी ११बी असलेला तो एरर कोड आठवत नाही असा एकही टेक्निशियन या शहरात नसेल.

त्या ११बीवर जरा थांबू. प्रिंट स्पूलरमधलं सुरक्षेचं एक भोक बुजवायला तो बदल केला होता. त्यामुळे जुन्या पद्धतीने नेटवर्कवर जोडलेले प्रिंटर नाकारले जाऊ लागले. आपण काय केलं? काहींनी अपडेट काढून टाकलं, बाकीच्यांनी रजिस्ट्रीत एक डीवर्ड टाकून त्याची किंमत शून्य केली. प्रिंटर चालला, चहा झाला, पैसे मिळाले. पण त्या शून्याचा अर्थ असा की कंपनीने लावलेली कडी आपण आपल्या हाताने काढली. नवीन ड्रायव्हर टाकून किंवा प्रिंटर थेट आयपीवर जोडून ती कडी परत लावायला किती जण नंतर गेले? माझा अंदाज आहे की शहरातल्या बऱ्याच काउंटरांवर ते शून्य अजून तसंच बसलेलं आहे, आणि ते कोणी टाकलं याची नोंद कुठेच नाही.

अलीकडचा प्रसंग १४ ऑक्टोबर २०२५ चा. विंडोज १० चा फुकट आधार त्याच दिवशी संपला, आणि त्याच दिवशी विंडोज ११ साठी आलेल्या अपडेटने दोन गोष्टी मोडल्या. मशीन स्वतःशीच ज्या लोकलहोस्ट पत्त्यावर बोलतं, ते बोलणं काही मशीनवर तुटू लागलं. आणि रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउस चालेनासे झाले. दुसरी चूक जास्त बोचणारी. मशीन बिघडलं की आपण जिथे जातो त्या खोलीचंच कुलूप बिघडलं होतं. पीएस-टू कीबोर्ड जपून ठेवणाऱ्या जुन्या कारागिरांना त्या आठवड्यात बरे दिवस आले असतील. दुरुस्ती आली २० तारखेला, नरक चतुर्दशीला. जुन्या विंडोजवरून पार्टीला दिवाळीच्या तोंडावर नव्यावर आणणाऱ्यांची त्या सहा दिवसांत काय गत झाली असेल, ते सांगायला नको.

आणि १९ जुलै २०२४ चा तो शुक्रवार. ते अपडेट विंडोजचं नव्हतं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या फाल्कन सॉफ्टवेअरचं होतं. पण धडा एकच. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना एक सदोष फाइल जगभर गेली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली गेली. तेवढ्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली होती. देशात विमानतळांवर इंडिगोचे कर्मचारी हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि बिगरबँकिंग वित्त संस्थांना किरकोळ त्रास झाला. फाइल पाठवणाऱ्या कंपनीच्या गावी, टेक्सासमधल्या ऑस्टिनला, तेव्हा गुरुवारच्या रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्यांच्या रात्री केलेलं काम आपल्या भर सकाळी येऊन आदळतं, हे भूगोलच ठरवतो. आपल्या इतवारी-महालच्या पार्टींना त्या दिवशी फारशी झळ लागली नसावी. फाल्कन परवडण्याएवढे ते मोठे नाहीत, एवढंच त्यामागचं कारण.

इथवर वाचून काही जण मान डोलावत असतील: म्हणूनच आम्ही अपडेट बंद करून टाकतो. हा अग्रलेख त्यांच्यासाठीच आहे.

सक्तीचं अपडेट आणि सक्तीचा रीस्टार्ट कुठून आला, याचा विसर पडू देऊ नये. जुलै २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका भोकासाठी पॅच दिला. लोकांनी टाकला नाही. ऑगस्टमध्ये ब्लास्टर वर्मने जगभरची एक्सपी मशीन मिनिटाभराची मुदत देऊन बंद पाडली. १४ मार्च २०१७ ला आणखी एका भोकाचा पॅच आला. १२ मे रोजी वॉनाक्राय आला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला आणि आपल्या महाराष्ट्रात, जेएनपीटीत, मर्स्क समूहाच्या गेटवे टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. तिथेही आत शिरल्यावर पसरायला तेच जुनं भोक उपयोगी पडलं. आता या प्रकरणातली खोच बघा. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव झाला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट टाकलं म्हणून कोणी बुडालं आणि टाकलं नाही म्हणूनही कोणी बुडालं. ‘अपडेट करा’ किंवा ‘करू नका’ असं एका शब्दात उत्तर देणारा माणूस या धंद्यात नवीन आहे असं खुशाल समजावं.

तरी आपल्याकडे सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करणं हे विंडोज टाकण्याचाच एक भाग होऊन बसलं आहे. फॉरमॅट मारला, ड्रायव्हर टाकले, टॅली टाकलं, मराठी फॉन्ट टाकले, अपडेट बंद केलं, मशीन डिलिव्हर. त्यामागचं एक कारण आपण चारचौघांत बोलत नाही: टाकलेली विंडोज पुष्कळदा चोरीची असते. अपडेट आलं की ॲक्टिव्हेशन जाईल, पार्टी परत दारात येईल. ज्या मशीनवर वर्षाला लाखोंची बिलं फाटतात, डीएससीचा टोकन लागतो, बँकेचं लॉगिन उघडं असतं, ते मशीन अशा पायावर उभं करून देणं हा कामचुकारपणा आहे. तो ग्राहकाच्या काटकसरीच्या नावावर खपवू नये. ज्यांना हे वाक्य टोचेल त्यांनी रागावून पत्र लिहावं, छापू.

मात्र एका गोष्टीवर कंपनीला जाब विचारलाच पाहिजे. रीस्टार्ट लागतो, कारण चालू असलेली फाइल विंडोजला जागेवर बदलता येत नाही. पुढच्या बूटला ती बदलली जाते. हे आपण ग्राहकाला इतकी वर्षं समजावत आलो. पण एप्रिल २०२५ पासून विंडोज ११ एंटरप्राइजसाठी हॉटपॅच सुरू झाला आहे. सुरक्षेचं अपडेट चालू मशीनच्या मेमरीतच बसतं. रीस्टार्ट तीन महिन्यांतून एकदा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या मूळ अपडेटला. सर्व्हर २०२५ वर हीच सोय कोअरमागे महिन्याला दीड डॉलर घेऊन मिळते. म्हणजे रीस्टार्टशिवाय अपडेट होऊ शकतं. ज्याच्याकडे दहा माणसांचा आयटी विभाग आणि पर्यायी मशीन आहे त्याला ते मिळतं. ज्या किराणा दुकानात एकच मशीन आहे, ते बंद तर बिलिंग बंद, त्याच्या होम एडिशनला मिळत नाही. खरं तर उलट हवं होतं. भारतात असं एकच मशीन असलेली दुकानं किती आहेत हे कंपनीच्या इथल्या कार्यालयांना कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

लिनक्सवाले मित्र लगेच आपलं नाणं पुढे करतात. त्यांचं म्हणणं पोकळ नाही. सुप्रीम कोर्टाच्या ई-समितीने देशभरच्या न्यायालयांत उबुंटू नेलं आणि ते चाललं. पण टॅली, टोकनचा ड्रायव्हर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर या चौकडीत अडकलेल्या पार्टीला ते सांगून उपयोग नाही. शिवाय उबुंटूच्या स्नॅपचीही न विचारता अपडेट होण्याची तक्रार जुनी आहे.

आता आपल्या हातातलं. अपडेट बंद करायचं नाही, लांबवायचं. प्रो एडिशनवर मासिक अपडेट काही दिवस मागे ढकलायची पॉलिसी आहे. होमवरही २०१९ पासून ३५ दिवसांपर्यंत विराम देता येतो. ज्या ऑफिसात पाच मशीन आहेत तिथे एकावर, शक्यतो मालकाच्या नव्हे, अपडेट आधी जाऊ द्या. आठ-दहा दिवस मायक्रोसॉफ्टच्या रिलीज हेल्थ पानावर नजर ठेवा. मग बाकीच्या चारांवर. महिनाअखेरची ऐच्छिक प्रीव्ह्यू अपडेट कोणाच्याही कामाच्या मशीनवर टाकू नका, ती तुमच्याकडून फुकट तपासणी करून घेण्यासाठी असतात. ॲक्टिव्ह अवर्सची मर्यादा १८ तास आहे, पण आठ ते पाच ही मूळ वेळ तशीच ठेवून आपण उठतो, आणि आपला व्यापारी तर रात्री नऊला हिशेबाला बसतो. सीटी-एमआरआयच्या कन्सोलला मशीन देणाऱ्या कंपनीला विचारल्याशिवाय हात लावायचाच नाही. त्यांना वेगळ्या नेटवर्कवर ठेवायचं. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. मे महिन्यात दुपारी लाइट जाते तेव्हा नेमकं अपडेट चालू असेल तर पुढचं सगळं त्या बॅटरीवर.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बिटलॉकरची किल्ली. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या लॅपटॉपवर, होम एडिशन असली तरी, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिलं लॉगिन केलं की डिस्कला कुलूप लागतं. ग्राहकाला पत्ता नसतो. जुलै २०२४ आणि मे २०२५ च्या अपडेटनंतर काही मशीन उठल्या उठल्या ४८ अंकी किल्ली मागू लागली होती. फाल्कनच्या गोंधळातही सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल डिलीट करण्याआधी पुष्कळ ठिकाणी हीच किल्ली लागली. आणि ती असते कुठे? ज्या अकाउंटने लॅपटॉप सुरू केला त्यात. आपल्याकडे ते अकाउंट अनेकदा दुकानातल्या पोराने घाईघाईत काढलेलं असतं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, आणि पोरगा आता पुण्याला. अशा मशीनमधला डेटा कोणाचा बापही परत आणू शकत नाही. जून २०२६ पासून सिक्युअर बूटची २०११ ची सर्टिफिकेट संपू लागतात, त्यापायी बायोस अपडेटचीही कामं निघतील, आणि बायोसला हात लावला की किल्ली मागण्याची शक्यता वाढते. त्याआधी आपल्या प्रत्येक पार्टीच्या घरी-दुकानी जाऊन ती किल्ली काढा, कागदावर छापा, सहीनिशी ग्राहकाच्या हवाली करा. त्याचे पैसे लावा.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एएमसीबद्दल. बहुतेक करारांत ‘सॉफ्टवेअर सपोर्ट’ असे दोन शब्द असतात आणि अपडेटमुळे बिघडलेल्या मशीनचं काम त्यांत धरलं आहे की नाही, यावर दर वेळी नव्याने वाद होतो. अपडेट कोणत्या आठवड्यात टाकायचं, ७, ११ आणि २० या कराच्या तारखांभोवती काय थांबवायचं, टाकण्याआधी बॅकअप कोणी घ्यायचा, किल्ली कोणाकडे राहणार आणि रजिस्ट्रीत केलेला बदल कुठल्या वहीत लिहायचा, एवढं तरी करारात यावं. काही वाचक असे करार वापरतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ग्राहकाचं नाव काढून ती कलमं आमच्याकडे पाठवा. आलेल्यांतून एक नमुना करार तयार करून आम्ही पुढच्या अंकात छापणार आहोत, आणि तो मराठीतच असेल, कारण सही करणाऱ्याला तो वाचता आला पाहिजे.